रेकॉर्ड केलेली स्क्रिप्ट, चुकलेलं लेबल आणि तीन जळालेले बोर्ड

पिकमोजणी (धागाकर्ता), सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज स्वतःच्या चुकीचाच धागा काढतोय.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं छोटं दुकान आहे, माणसं तीन. टॉवेलच्या मागांना लागणारे कंट्रोल बोर्ड बनवतो. ताण्याचा धागा तुटला की माग थांबवायचा, पिक (विणलेले आडवे धागे) मोजायचे, पाळी संपली की आकडा डिस्प्लेवर दाखवायचा, एवढंच काम. बोर्ड म्हणायला एकच, पण गिऱ्हाईक बदललं की फरक पडतो. कुणाला रिले दोन लागतात, कुणाला चार. कुणाचा सेन्सर १२ व्होल्टचा, कुणाचा २४ चा. असे करत करत नऊ प्रकार झालेत.

बोर्डाचा लेआउट ओरकॅड पीसीबी एडिटर या सॉफ्टवेअरमध्ये करतो, म्हणजे अलेग्रोचं धाकटं भावंड. जुन्या नोकरीत हात बसला तो बसला. बोर्ड तयार झाला की शेवटची कामं प्रत्येक वेळी तीच: आवृत्तीचा मजकूर (आर२, आर३ असा) बदला, नको ते थर बंद करा, डीआरसी (डिझाइनच्या नियमांची तपासणी) चालवा, गर्बर (एकेका थराची छपाईची फाइल) काढा, ड्रिल फाइल काढा, पार्टांच्या जागांची फाइल काढा, सगळं एका फोल्डरात टाका. एकदा मोजल्या तर पन्नासच्या वर क्लिक भरल्या. नऊ बोर्डांना हे करताना एकदा सोल्डर मास्कचा थर पाठवायचाच राहिला. बोर्ड छापून देणाऱ्या फॅब्रिकेटरचा फोन आला म्हणून निभावलं.

तेव्हा ठरवलं की स्क्रिप्ट करायची. फाइल मेनूत स्क्रिप्ट नावाची खिडकी आहे. नाव द्या, रेकॉर्ड दाबा, नेहमीसारखं काम करा, स्टॉप दाबा. एससीआर शेपटीची साधी मजकुराची फाइल तयार होते. पुढच्या वेळी रिप्ले. पहिल्यांदा चालवली तेव्हा खिडक्या आपोआप उघडताहेत, खुणा आपोआप पडताहेत, मी हाताची घडी घालून बसलोय. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "मग आता लवकर घरी याल?"

तीन बोर्डांना झकास चालली. चौथा बोर्ड दोन मागांचा, आकाराने लांब, त्यावर मांडणीही वेगळी. तोही चालवला. डीआरसी शून्य. गर्बर व्ह्यूअरमध्ये तांब्याचे थर बघितले, सगळं ठीक. ४० बोर्ड छापून आले, पार्ट चढवले, कारखान्यात गेले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात माग बघणाऱ्या जॉबरचा फोन. "मालक, ह्याच्यावर २४ व्होल्ट कुठं जोडायचं लिहिलंच नाही की."

मी पोचेपर्यंत त्याने अंदाजाने तीन बोर्ड जोडले होते. २४ व्होल्ट गेले सेन्सरच्या इनपुटात. तिन्ही बोर्डांचा मायक्रोकंट्रोलर गेला.

बोर्डावर बघतो तर जिथं "२४ व्ही" छापायचं तिथं "आर३" छापलेलं. आणि आवृत्तीच्या जागी जुनंच "आर२". संध्याकाळी दुकानात येऊन स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये पहिल्यांदा उघडली. हो, पहिल्यांदा. त्यात हे होतं (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत):

सेटविंडो पीसीबी
ट्रॅपसाइझ ९७५
टेक्स्ट एडिट
पिक ग्रिड ४११२.०० २३५०.००

पुढे नवा मजकूर आणि डन. म्हणजे "आवृत्तीचा मजकूर बदल" असं कुठंच लिहिलेलं नाही. अमुक जागी क्लिक कर आणि जे हाताला लागेल त्याचा मजकूर बदल, एवढंच. लांब बोर्डावर त्या जागेजवळ पॉवरच्या कनेक्टरचं लेबल होतं, तेच हाताला लागलं. छापलेल्या अक्षरांना डीआरसी काय म्हणणार? तांबं जागच्या जागी होतं.

उरलेल्या ३७ बोर्डांवर लेबल प्रिंटरच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. आता प्रश्न असा: तुम्ही लोक हे कसं करता? की हे रेकॉर्डिंग प्रकरणच सोडून द्यावं?

---

सातरस्ता, सोमवार, रात्री ११:४२

वाईट झालं राव. पण धागा काढलात हे बरं केलं, असल्या चुका लोक लपवतात. मागाला काही झालं नाही ना?

---

पिकमोजणी, सोमवार, रात्री ११:५५

माग ठीक. बोर्डच मेला म्हटल्यावर माग चालूच झाला नाही. जॉबर मात्र अजून मला "आर३ मालक" म्हणतो.

---

हातानेच_बरं, मंगळवार, सकाळी ७:३०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नऊ बोर्ड म्हणजे काही नव्वद नाहीत. एक कागद छापा, त्यावर कामं लिहा, एकेक करा, पेनाने टिक मारा. मी वीस वर्षं असंच करतोय. हाताने करताना डोळा बोर्डावर असतो. स्क्रिप्ट चालू असताना तुम्ही चहा पीत होता.

---

पिकमोजणी, मंगळवार, सकाळी ८:०५

चहाचं खरं आहे. पण मास्कचा थर विसरलो तो कागद समोर असतानाच. टिकही मारली होती.

---

ग्रिड_आधी, मंगळवार, सकाळी ९:२०

माझा सगळा जन्म ईगलमध्ये गेला. डॉसच्या काळापासूनचं बोर्ड डिझाइनचं सॉफ्टवेअर, जर्मनीच्या कॅडसॉफ्टचं, १९८८ चं. २०१६ मध्ये ऑटोडेस्कने घेतलं आणि जून २०२६ पर्यंतच ते ठेवू असं त्यांनीच २०२३ मध्ये जाहीर केलं. ते असो, रडगाणं नंतर.

मुद्दा असा की ईगलची स्क्रिप्ट आम्ही रेकॉर्ड करत नव्हतो, लिहीत होतो. त्यात प्रत्येक बटणामागे एक कमांड असते आणि ती ओळीत टाइप करता येते. पार्ट हलवायचा तर मूव्ह, पुढे पार्टाचं नाव, पुढे कंसात जागा. आर५ नावाचा रेझिस्टर बोर्डावर कुठंही पडलेला असो, तोच हलणार. तुमच्या फाइलमध्ये नाव कुठंच नाही, सगळी जागाच जागा. खोट तिथं आहे.

आता माझी फजिती. माझ्या एका स्क्रिप्टमध्ये ग्रिडची ओळ नव्हती. माझ्या मशीनवर ग्रिड कायम मिलिमीटरमध्ये, त्यामुळे कधी अडलं नाही. एका मित्राला दिली, त्याचं मशीन इंचावर. (१० २०) म्हणजे माझ्याकडे दहा मिलिमीटर, त्याच्याकडे दहा इंच. त्याचे एलईडी बोर्ड सोडून पार होटगी रोडला लागले. तेव्हापासून पहिली ओळ ग्रिडची, दुसरी गोष्ट नंतर. नावही तेच घेतलं. ईगलमध्ये आकड्यामागे एमएम किंवा मिल (इंचाचा हजारावा भाग) लिहिता येतं, तेही लिहायला लागलो.

तुमच्याकडे एकक मिलमध्ये दिसतंय. ४११२ मिल म्हणजे साधारण १०४.४ मिलिमीटर. उद्या एखादा बोर्ड मिलिमीटरमध्ये उघडलात तर हाच आकडा चार मीटरच्या वर जाईल. तेव्हा निदान प्रोग्रॅम ओरडेल तरी. तुमचं दुर्दैव की आकडा बोर्डाच्या आतच पडला.

---

नवखी_लेआउट, मंगळवार, दुपारी १:१५

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, इथेच सोलापुरात. प्रश्न बाळबोध असेल तर माफ करा. ती "ट्रॅपसाइझ ९७५" ओळ काय आहे? दादांनी तर तसली कमांड दिलीच नसणार ना?

---

तांबंपट्टी, मंगळवार, दुपारी २:००

प्रश्न बाळबोध नाही, धाग्यातला सगळ्यात कामाचा आहे.

अलेग्रोत क्लिक केलं की प्रोग्रॅम नेमक्या त्या बिंदूवर शोधत नाही, बिंदूभोवतीच्या छोट्या चौकोनात शोधतो. तो चौकोन म्हणजे ट्रॅप. झूम लांब असेल तर चौकोन मोठा, जवळ असेल तर लहान. रेकॉर्ड करताना तुमचा झूम जसा असेल तसा आकडा फाइलमध्ये आपोआप लिहिला जातो. दादांनी पूर्ण बोर्ड दिसेल असा लांबून क्लिक केला असणार, म्हणून जाळं मोठं पडलं आणि शेजारचं लेबल त्यात आलं. जवळ जाऊन क्लिक केला असता तर कदाचित काहीच लागलं नसतं आणि स्क्रिप्ट तिथंच कुरकुरली असती.

रेकॉर्ड केलेल्या फाइलमध्ये असला बराच कचरा असतो. झूम केलं, बाजूला सरकवलं, चुकून एखादी खिडकी उघडून बंद केली, सगळं नोंदवलेलं. रेकॉर्ड झाल्या झाल्या फाइल उघडायची आणि नको त्या ओळी काढायच्या. माझ्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये १४० ओळी होत्या, साफ केल्यावर ३८ उरल्या.

आणखी एक, स्क्रिप्टच्या त्याच खिडकीत मॅक्रोची खूण असते. ती लावून रेकॉर्ड केलं तर जागा पहिल्या क्लिकच्या संदर्भाने नोंदवल्या जातात आणि चालवताना ती पहिली जागा तुम्हाला विचारली जाते. चार भोकांचा नमुना जिथं हवा तिथं टाकायचा, अशा कामाला उत्तम. गर्बर काढायच्या कामाला त्याचा उपयोग नाही.

"फिलिन यस" अशी ओळ कुठं आहे का तेही बघा. रेकॉर्ड करताना प्रोग्रॅमने "खात्री आहे का" विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात, त्याची ती नोंद. पुढच्या वेळी प्रश्न दुसराच आला तरी उत्तर हो.

---

पिकमोजणी, मंगळवार, दुपारी २:२०

आत्ता बघितलं. दोन ठिकाणी आहे. घाम फुटला, आणि तो नुसता मे महिन्याचा नाही.

---

जकार्टवाला, मंगळवार, सायंकाळी ६:४५

मला बोर्डातलं काही कळत नाही. "पिक" शब्द दिसला म्हणून धागा उघडला. आमच्याकडं पिक म्हणजे एक आडवा धागा. तुमच्याकडं क्लिकला पिक म्हणतात हे आज कळलं. (धाग्याच्या धाग्यावर धागा, असो.)

माझे वडील चादरीच्या जकार्टची (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची) कार्डं पाडायचे. आधी चौकटीच्या कागदावर डिझाइन रंगवायचं, मग एकेक ओळ बघून पुठ्ठ्याच्या कार्डात भोकं पाडायची. एका पिकाला एक कार्ड. सगळी कार्डं ओळीने दोरीत ओवून त्यांची माळ करायची आणि मागावर चढवायची. फ्रान्समधल्या जकार्ड नावाच्या माणसाने १८०४ साली केलेली युक्ती, सोलापुरात येऊन त्याचं जकार्ट झालं.

तुमची ती चार ओळींची फाइल बघून मला ती माळच आठवली. कार्डाला फक्त एवढंच ठाऊक की कुठल्या हुकाला उचलायचं. तिथं मोर विणला जातोय की काठ, हे कार्डाला ठाऊक नाही. ते कागदावर असतं आणि कागद वडिलांच्या कपाटात. म्हणून दुसऱ्या मागावर हुक कमी-जास्त असले की जुनी माळ चढवत नव्हते. कपाटातला कागद काढायचे आणि नवी कार्डं पाडायचे. एकदा कामगाराने उत्साहात जुनीच माळ चढवली तर मोराची मान एकीकडं आणि धड दुसरीकडं. ती चादर आमच्या घरी होती बरेच दिवस, मी तीच पांघरून झोपायचो.

तर तुमचा तो चौकटीचा कागद कुठाय?

---

तांबंपट्टी, मंगळवार, सायंकाळी ७:१०

जकार्टवाले काका, __/\__. कळत नाही म्हणता आणि नेमकं तेच विचारलंत.

---

चिप_पुण्यात_मन_सोलापुरात, मंगळवार, रात्री १०:०५

काकांच्या कागदाला आमच्या धंद्यात टिकल म्हणतात. थोडा इतिहास सांगतो, गंमत आहे.

१९८० च्या दशकात बर्कली विद्यापीठात जॉन आउस्टरहाउट आणि त्यांचे विद्यार्थी चिप डिझाइनची सॉफ्टवेअरं लिहीत होते. प्रत्येक सॉफ्टवेअरला कमांड द्यायला काहीतरी भाषा हवी, म्हणून प्रत्येक जण आपापली एक लंगडी भाषा बनवायचा. याला कंटाळून त्यांनी १९८८ मध्ये कुठल्याही प्रोग्रॅममध्ये बसवता येईल अशी एकच छोटी भाषा बनवली, ती टिकल. म्हणजे ही भाषा जन्मालाच आली आपल्या असल्या कामासाठी. आज चिपच्या जगात क्वचितच एखादं सॉफ्टवेअर असेल ज्यात ती नाही.

आता फरक बघा. मी एफपीजीएचं (आतली जोडणी नंतर ठरवता येणाऱ्या चिपचं) काम व्हिवाडो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. त्यात मी माउसने काहीही केलं तरी शेजारी जर्नलच्या फाइलमध्ये त्याची टिकल कमांड लिहिली जाते. क्लिक कुठं केलं ते लिहीत नाही, काय केलं ते लिहितं: अमुक फाइल प्रकल्पात घेतली, तमुक रन सुरू केला. ती जर्नल फाइल उचलायची, चार ओळी साफ करायच्या, आणि रात्री खिडकी न उघडता बॅच मोडमध्ये चालवायची. सकाळी येऊन लॉग वाचायचा.

तेव्हा कुठल्याही सॉफ्टवेअरचं रेकॉर्डिंग वापरण्याआधी ते उघडून एकच बघा: आत आकडे जास्त आहेत की नावं? आकडे जास्त असतील तर तो कच्चा माल समजा.

अलेग्रोतही जर्नल असतंच आणि त्यावर स्किल नावाची स्क्रिप्टची भाषाही आहे. स्किलमध्ये लिहा, नावाने शोधा, सुटाल.

---

पिकमोजणी, मंगळवार, रात्री १०:३०

आमच्या परवान्यात स्किल चालत नाही हो. वरचा परवाना घ्यायचा तर माग विकावा लागेल, आणि माग माझा नाही.

---

मोकळा_स्रोत, बुधवार, सकाळी ६:५०

कायकॅड हे बोर्ड डिझाइनचं सॉफ्टवेअर घ्या. फुकट आहे, १९९२ पासून आहे, आणि तुमचा नेमका प्रश्न त्यात उद्भवतच नाही.

(मला माहितीय, प्रत्येक धाग्यावर कुणीतरी हे म्हणतंच. आज माझी पाळी.)

आवृत्तीचा मजकूर त्यात टेक्स्ट व्हेरिएबल म्हणून ठेवता येतो. बोर्डावर फक्त व्हेरिएबलचं नाव बसवायचं, किंमत एका ठिकाणी बदलायची. क्लिक करून मजकूर शोधायची भानगडच नाही. माउसचं रेकॉर्डिंग त्यात नाही, पण त्याची उणीव भासत नाही. २०२३ च्या सातव्या आवृत्तीपासून कायकॅड-सीएलआय नावाची वेगळी कमांड मिळते. गर्बर काढ, ड्रिल काढ, पार्टांच्या जागा काढ, प्रत्येकाला एक ओळ. आठव्या आवृत्तीपासून डीआरसीही तसाच चालतो आणि चूक निघाली तर पुढचं काम थांबवता येतं. नवव्यात तर ही सगळी कामं एका जॉबसेटमध्ये बांधून ठेवता येतात. नऊ बोर्ड म्हणजे नऊ फोल्डर आणि बाहेरून एक बॅच फाइल.

---

हातानेच_बरं, बुधवार, सकाळी ७:४०

आणि नऊ बोर्ड नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणायला लागणारे दोन महिने कोण देणार?

---

मोकळा_स्रोत, बुधवार, सकाळी ८:१५

तो मुद्दा बरोबर आहे. नवा दहावा बोर्ड त्यात करा म्हणतो, जुने राहू द्या.

---

नवखी_लेआउट, बुधवार, दुपारी १२:३०

मग अलेग्रोत राहून, स्किल न वापरता, तो मजकूर नेमका पकडायचाच कसा?

---

तांबंपट्टी, बुधवार, दुपारी १:०५

त्याला युक्ती आहे. आवृत्तीचा मजकूर सगळ्यांबरोबर सिल्कस्क्रीनवर (छापायच्या अक्षरांच्या थरावर) ठेवायचाच नाही. त्याला स्वतःचा वेगळा सबक्लास, म्हणजे थर, द्यायचा, नाव द्या "रेव्ह". गर्बर काढताना तो सबक्लास सिल्कच्या फिल्ममध्ये जोडायचा म्हणजे छापताना एकत्रच येतं. स्क्रिप्टमध्ये आधी सगळे थर बंद, फक्त "रेव्ह" चालू. जे दिसत नाही ते क्लिकला लागत नाही. मग पूर्ण बोर्डावर चौकट ओढून त्या थरावरचं सगळं पुसायचं आणि ठरलेल्या जागी नवा मजकूर लिहायचा. जाळं केवढंही मोठं पडू दे, तळ्यात मासा एकच.

मात्र नऊही बोर्डांचा शून्य बिंदू एकाच जागी हवा. मी डाव्या खालच्या बसवायच्या भोकावर ठेवतो.

---

पिकमोजणी, शनिवार, रात्री ९:५०

तीन दिवस गायब होतो, कारण हेच करत होतो. हिशोब देतो.

जुनी स्क्रिप्ट तुकडे करून तीन केल्या. पहिली फक्त मांडामांड करते: एकक मिल, ग्रिड, पूर्ण बोर्ड दिसेल असा झूम, सगळे थर बंद. दुसरी आवृत्तीचा मजकूर, तांबंपट्टींच्या युक्तीने. तिसरी गर्बर, ड्रिल वगैरे. एक चौथी छोटी फाइल या तिघींना क्रमाने रिप्ले करते. ग्रिड_आधी यांचा सल्ला शब्दशः पाळलाय, तुमचं नाव पहिल्या ओळीत टिपणी म्हणून घातलंय.

दोन्ही "फिलिन यस" काढले. एक जुन्या फाइलीवर नवी लिहू का, असं विचारणारा होता. आता तारखेच्या नव्या फोल्डरात काढतो, त्यामुळे तो प्रश्नच येत नाही. दुसरा कशाचा होता ते अजून उमगलेलं नाही. काढल्यापासून काही अडलेलं नाही, एवढं खरं.

हातानेच_बरं, तुमचा कागदही ठेवलाय. फक्त त्यावरची कामं बदलली. "गर्बर काढले" याला आता टिक नाही. "सिल्कचा कागद छापून प्रत्येक टर्मिनलचं लेबल बोट ठेवून वाचलं" याला टिक आहे. ते वाचन बायको करते. तिला सर्किट कळत नाही, म्हणून ती जे छापलंय तेच वाचते. मी वाचलं की मला जे असायला हवं ते दिसतं.

काल रात्री नऊही बोर्डांवर चालवली. आठ नीट झाले. सहावा अडला, कारण त्याचा शून्य बिंदू मी कधीकाळी बोर्डाच्या मधोमध ठेवला होता. नवा मजकूर बोर्डाच्या बाहेर जाऊन बसला. बायकोने वाचता वाचता सांगितलं, "ह्याच्यावर आर काहीच नाही." दोन मिनिटांत सुधारला.

जकार्टवाले काका, चौकटीचा कागद आता केलाय. एक वही. प्रत्येक स्क्रिप्ट काय करते, कुठल्या बोर्डावर चालते आणि कुठल्या बोर्डावर चालवायची नाही, मराठीत लिहून ठेवलंय.

---

जकार्टवाला, शनिवार, रात्री १०:२०

वही कपाटात ठेवा. आणि किल्ली कुणाकडं आहे ते दोघांना तरी ठाऊक असू द्या. वडील गेल्यावर आम्ही कपाट फोडलं होतं.

---

नवखी_लेआउट, रविवार, सकाळी १०:००

दादा, तुमचं दुकान बघायला येऊ का एकदा? कॉलेजात हे कुणी शिकवत नाही.

---

पिकमोजणी, रविवार, सकाळी १०:२५

जरूर या ताई, मैत्रिणीला घेऊन या. शुक्रवार सोडून कधीही. दुपारी आलात तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहेच, पंख्याची मात्र खात्री नाही, वीज तिच्या मर्जीने येते.

---

हातानेच_बरं, रविवार, रात्री ८:१५

ती तिसरी फाइल मला पाठवाल का? नुसती बघायला. वापरणार नाही.

---

पिकमोजणी, रविवार, रात्री ८:३०

व्यक्तिगत निरोपात पाठवली. "बघताना" चुकून रिप्ले दाबलंत तर आधी बाराव्या ओळीतला फोल्डर बदला. नाहीतर तुमचे गर्बर माझ्या दुकानाच्या नावाने जाऊन बसतील.